नाकारलेलं कापड

आमच्या दुकानाला सील ठोकलं तेव्हा अर्ध्या गल्लीचे कपडे आत अडकले. कुणाची पँट खालून आखूड करायला आलेली, कुणाच्या कोटाचं अस्तर बदलायचं, एका नवरीचा झगा कमरेत सैल करायचा. माझ्या नवऱ्याला नेलं त्याबद्दल कुणी फारसं बोललं नाही. वाईट वाटलं असेल तर ते त्यांनी आपल्यापाशीच ठेवलं. कपड्यांसाठी मात्र लोक मला रस्त्यात गाठायचे. आधी मागेपुढे बघायचे आणि मग हळूच विचारायचे, सील कधी निघणार म्हणून. मी म्हणायचे, मलाही तेच विचारायचंय, कुणाला विचारू तेवढं सांगा. नवरीची आई तर माझ्यावरच तणतणली. जसं काही मीच नवऱ्याला धरून दिलं होतं आणि वर किल्ली गिळून बसले होते.

हा देश आमचा नव्हे. लग्नानंतर लगेच इथं आलो, लेक इथंच झाली, इथंच शिकली आणि लग्न करून तिसऱ्याच देशात गेली. तरी आमच्या ओळखपत्रावर ‘परका रहिवासी’ हेच छापलेलं. दर काही वर्षांनी ते नवं करून घ्यावं लागतं. फोटोतली माणसं म्हातारी होतात, शब्द तेच राहतात. मागच्या बाजूला बारीक अक्षरांत लिहिलंय, की परक्या रहिवाशानं सार्वजनिक गोष्टींत भाग घेऊ नये. आम्ही कशाला घेतोय? मी काउंटरवर, आमचे हे मशीनवर. सकाळी शटर वर, संध्याकाळी शटर खाली. सार्वजनिक म्हणावं असं आमच्याकडे एकच होतं, दुकानातला आरसा.

मग एका दुपारी त्या बाई आल्या. आमच्या जुन्या गिऱ्हाईक, जवळच्या शाळेत चित्रकला शिकवायच्या. त्यांनी कागदावर काढलेली मोठी मोठी अक्षरं टेबलावर पसरली. लांबलचक पांढरं कापड हवं, म्हणाल्या, आणि त्यावर काळ्या कापडाची नावं शिवून हवीत. नावं कुणाची ते आम्ही विचारलं नाही. बाईंनी न विचारताच सांगितलं. घरातून नाहीतर कामावरून उचलून नेलेली माणसं, ज्यांचं पुढे काय झालं ते कुणी सांगत नव्हतं. त्यांत एक वेल्डर होता. त्याची पँट तयार होऊन आमच्याच खुंटीवर लटकत होती, आणि हे रोज कुरकुरत होते, की लोक कपडे टाकून जातात आणि विसरतात. त्याचं नाव ऐकल्यावर ह्यांनी चष्मा काढून पुसला आणि कात्री हातात घेतली.

मी नको म्हटलं. ओळखपत्राच्या मागे काय छापलंय त्याची आठवण करून दिली. हे म्हणाले, शिवणं म्हणजे भाग घेणं नव्हे. मी म्हटलं, ते तुम्ही ठरवायचं नसतं. आमचं चांगलंच जुंपलं, पण आपल्या भाषेत. बाईंना वाटलं आम्ही दोऱ्याचा रंग ठरवतोय, त्या बिचाऱ्या हसत बसल्या होत्या.

रंगानं लिहिलं असतं तर तासाभराचं काम. ह्यांना ते पटेना. रंग धुतल्यावर उडतो म्हणे. जसं ते कापड दर आठवड्याला धुवायला पडणार होतं. ह्यांनी एकेक अक्षर कापलं, कडा आत दुमडल्या आणि बारीक टाक्यांनी हातानं बसवलं. वाचता ह्यांना इथली लिपी अर्धीमुर्धीच येते, पण अक्षर इतकं सरळ बसवलं की बोट फिरवलं तरी टाका लागू नये. कापडाच्या चारी कडा मी दुमडून दिल्या. मी चिडलेली होते, पण ह्यांनी तसंच कच्च्या कडेचं दिलं असतं तर मला झोप लागली नसती. पूर्ण झाल्यावर ह्यांनी ते टेबलावर पसरलं आणि नुसते बघत उभे राहिले. म्हणाले, आयुष्यात असं काम एकदाच होतं.

बाई आणि आणखी काही माणसं ते कापड धरून एका संध्याकाळी चौकात उभी राहिली. घोषणा नाहीत, भाषणं नाहीत. थोड्या वेळात गाड्या आल्या.

बाईंनी आमचं नाव घेतलं नाही. चौकशीत त्यांना काय काय विचारलं असेल, कसं विचारलं असेल ते मला माहीत नाही आणि माहीत करून घ्यायचंही नाही. पण नाव घेतलं नाही. त्यानं काही बिघडलं नाही म्हणा. शिंपी आहे, परका आहे आणि बाई त्याच्या दुकानात जाते, एवढं त्यांना पुरलं. आलेल्या माणसांनी मशीन उचललं, कात्र्या उचलल्या, खडूसुद्धा उचलले, आणि शेवटी ह्यांना उचललं. त्यांतल्या एकानं जाता जाता त्याच्या जॅकेटचं विचारलं. ते आमच्याकडे चेन बदलायला आलेलं होतं.

मी आमच्या वकिलातीत गेले. तिथं मला चहा दिला, खुर्ची दिली आणि ‘आम्ही लक्ष ठेवून आहोत’ असं सांगितलं. पुन्हा गेले तेव्हा चहा दिला नाही, लक्ष मात्र तेवढंच होतं. तिसऱ्यांदा मी गेलेच नाही.

वकील सरकारनंच दिला. माणूस वाईट नव्हता, थकलेला होता. त्याच्या कोटाची कोपरं झिजून चकाकत होती आणि मी त्याच्याशी बोलताना कोपरांकडेच बघत बसायचे. त्यानं मला नीट समजावलं. कापड ह्यांनीच शिवलं याचा एकही साक्षीदार नाही. बाई बोलत नाहीत. तेव्हा कोर्टात कापड दाखवून विचारतील, हे तुमचं काम आहे का, तर ह्यांनी फक्त ‘माझं नाही’ एवढंच म्हणायचं. जास्त नाही, कमी नाही. तसं झालं तर ओळखपत्राच्या कुठल्यातरी कलमाखाली आम्हा दोघांना देशाबाहेर काढतील आणि प्रकरण मिटेल. वरती तसं बोलणं झालंय, असंही तो म्हणाला. वरती म्हणजे कुठं, ते विचारायची सोय नव्हती.

देशाबाहेर काढतील. आयुष्यभर ज्या एका गोष्टीला भीत आलो ती आता मी देवाकडे मागायला लागले. घरी जाऊ. तिथं आता आमचं घर नाही, पण कुठंतरी एक खोली घेऊ, एक मशीन घेऊ. लेक फोनवर एकच म्हणायची, बाबांना म्हणावं काय वाटेल ते सांगा पण या. खोटं बोलण्याला माझी काही हरकत नव्हती. खऱ्याचं काय होतं ते मी रोज बघत होते.

तुरुंगाच्या बाहेर कपडे द्यायची एक खिडकी आहे. तिथं पहाटेपासून रांग लागते. त्या रांगेत मला बाईंची आई भेटली. ठेंगणी, पाठीत थोडी वाकलेली, पायांत मुलीचे असावेत असे मोठे बूट. तिनंच पहिल्यांदा विचारलं, तुमचं कोण आत आहे. मी म्हटलं, नवरा. कशासाठी म्हणाली. वकिलानं बजावलं होतं, की बाईंच्या घरच्यांशी ओळख दाखवायची नाही. मी म्हटलं, कागदपत्रांची काहीतरी भानगड आहे. तिनं मान हलवली आणि म्हणाली, हो, हल्ली कागदपत्रांचं फार झालंय.

त्यानंतर जी आधी येईल ती दुसरीची जागा धरायची, असं आपोआप ठरून गेलं. थंडीच्या दिवसांत ती थर्मासमधून काहीतरी गरम आणायची आणि झाकणात ओतून आधी मला द्यायची. मुलीबद्दल बोलायची. लहानपणी भिंती कशा रंगवून ठेवायची, नवरा गेल्यावर घर कसं तिनंच ओढलं. मी ऐकायचे आणि मूग गिळून गप्प बसायचे. पण मनात म्हणायचे, बाई ग, तुझी मुलगी इथलीच आहे, तिच्यासाठी उद्या कुणीतरी उभं राहील. आमच्यासाठी कोण राहणार?

भेटीची खोली म्हणजे मधे काच आणि काचेला भोकं. आपल्या बाजूला बाक, त्यांच्या बाजूला बाक, आणि मागे पहारेकरी. पहिल्याच भेटीला त्यानं सांगितलं, की बोलायचं ते इथल्या भाषेत, त्याला समजेल असं. आपल्या भाषेत एक शब्द निघाला की भेट बंद.

आता इथली भाषा आम्ही शिकलो ती काउंटरवर. गिऱ्हाइकाशी जेवढं बोलावं लागतं तेवढी. त्या भाषेत आम्हाला अदबीनं बोलता येतं, माप विचारता येतं, उशीर झाला म्हणून माफी मागता येते. भांडता येत नाही. लाडानं बोलता येत नाही. तीस वर्षांचा संसार आम्ही आपल्या भाषेत केला, एकमेकांच्या सात पिढ्यांचा उद्धार आपल्या भाषेत केला, आणि आता काचेच्या दोन बाजूंना बसून ‘आपण कसे आहात’, ‘मी ठीक आहे, आभारी आहे’ असं बोलत होतो. पहारेकऱ्याला वाटलं असेल, काय गुणी जोडपं आहे.

सुनावणीच्या आदल्या भेटीत मला ते विचारायचंच होतं. वकिलानं ह्यांना सांगितलं होतं, पण ह्यांनी त्याला हो म्हटलं नव्हतं, नाही म्हटलं नव्हतं. बायकोचं काय म्हणणं आहे ते बघतो, म्हणाले होते. एरवी तीस वर्षांत कधी बायकोचं म्हणणं बघितलं नव्हतं!

मी म्हटलं, “वकीलसाहेबांनी सांगितलंय तसं कृपया करून द्या.”

हे म्हणाले, “त्याही तिथं असतील. त्यांच्यासमोर म्हणावं लागेल.”

बाईंबद्दल बोलत होते. माझ्या डोक्यात तिडीक गेली. आपल्या भाषेत बोलता आलं असतं तर मी ह्यांना असं काही सुनावलं असतं, की बाईंचं तोंड तुम्हाला दिसतं आणि माझं दिसत नाही का, लेकीचं दिसत नाही का, सगळ्या जगाची लाज तुम्हीच वाहणार आहात का. पण माझ्यापाशी काउंटरचेच शब्द होते.

“आपल्याला विनंती आहे,” मी म्हटलं. “मी फार दमले आहे.”

ह्यांनी माझ्याकडे बघितलं. मग मान खाली घालून म्हणाले, “ठीक आहे. करून देतो.”

माझा जीव भांड्यात पडला. आणि पुढच्या क्षणी वाटलं, एवढ्या लवकर का कबूल झाले? हा माणूस शर्टाच्या बटणावरून गिऱ्हाइकाशी तासभर वाद घालायचा.

सुनावणी नुसती पुढे पुढे जात होती. एकदा न्यायाधीश आजारी, एकदा दुभाषा आला नाही, एकदा कैद्यांची गाडी वाटेत बंद पडली. कोर्टाच्या व्हरांड्यात बसून बसून मला तिथल्या फरशांवरच्या भेगा पाठ झाल्या. माझ्यासारख्या आणखी होत्या. एक नर्स, तीही परकीच, तिचा नवरा ड्रायव्हर. त्यानं कुणाला तरी गाडीतून नेलं आणि ते कुणीतरी नेमकं सरकारला नको असलेलं निघालं. ती आधी रडायची, मग चिडायची, मग विणायला लागली. शेवटी शेवटी आम्ही एकमेकींना कशाला आलात असंही विचारत नव्हतो. नोकरीवर आल्यासारख्या यायचो, बसायचो, पुढची तारीख घेऊन जायचो.

आणि मग एक दिवस सुनावणी झाली. दुभाषा त्याही दिवशी नव्हता. न्यायाधीशांनी ह्यांना विचारलं, भाषा येते ना. हे म्हणाले, थोडी येते साहेब. झालं, पुढे चला. ह्यांना भाषा येते म्हणजे ‘कंबर किती ठेवू’ इतकी येते. ‘राज्याच्या सुरक्षिततेला बाधा’ इतकी येत नाही. सरकारी वकिलानं भराभरा वाचायला सुरुवात केली. मलाही त्यातलं काही कळेना, अधूनमधून फक्त ‘परका’ एवढा शब्द यायचा. तो बरोबर कळायचा.

बाई आणि हे एकाच पिंजऱ्यात, मधे शिपाई. बाईंचे केस बारीक कापलेले, चेहरा पिवळा. त्यांची आई माझ्यापासून दोन बाक पुढे बसली होती. तिनं मागे वळून मला बघितलं आणि ओळखीचं हसली. रांगेतली बाई आपल्याच मुलीच्या खटल्यात कशी, याचं तिला नवल वाटलं नाही. तेव्हा माझ्या ते लक्षात आलं नाही. माझं सगळं लक्ष ह्यांच्या तोंडाकडे.

कापड प्लॅस्टिकच्या पिशवीत कोंबून आणलं होतं. एवढ्या लांब कापडाची नीट घडी घालायला दोन माणसं लागतात, त्यांनी बोळा केला होता. शिपायानं तो बोळा ह्यांच्या हातांत दिला. सरकारी वकील म्हणाला, हे काम तुमचं आहे का?

एक मात्र बरं होतं. ह्यांना त्या भाषेतलं जे वाक्य सगळ्यांत चांगलं यायचं ते हेच होतं. दुसऱ्या शिंप्यानं बिघडवलेला कपडा कुणी आमच्याकडे आणला, की हे हात लावण्याआधी म्हणायचे, ‘हे माझं काम नाही.’ नाहीतर गिऱ्हाईक नंतर तुमच्याच माथी मारतं. तसंच, त्याच सुरात, हे म्हणाले, “हे माझं काम नाही.”

वकिलानं माझ्याकडे बघून हळूच डोळे मिटले. झालं. सुटलो.

पण कापड अजून ह्यांच्या हातांतच होतं. परत द्यायचं म्हणून ह्यांनी ते सावरलं, वरची कड सरळ केली, आणि तिथं एक दोरा लोंबत होता. कुणीतरी ओढाताण केल्यावर सुटतो तसा. दुकानात कपडा गिऱ्हाइकाच्या हातात देण्याआधी हे नेहमी शेवटची नजर फिरवतात. असा दोरा दिसला तर बोटाला गुंडाळतात, झटका देऊन तोडतात आणि खिशात टाकतात, खाली टाकत नाहीत. हे फक्त स्वतःच्या कामाला. दुसऱ्याच्या कपड्याचा दोरा मरेपर्यंत ओढणार नाहीत, कोण जाणे किती उसवेल.

ह्यांनी दोरा बोटाला गुंडाळला. झटका दिला. खिशात टाकला. मग कापडाची कोपऱ्याला कोपरा लावून घडी घालायला लागले.

माझ्या तोंडचं पाणी पळालं. भर कोर्टात, सगळ्यांच्या डोळ्यांसमोर, माझ्या नवऱ्यानं ते काम आपलं आहे असं सांगून टाकलं होतं. सही करून, शिक्का मारून दिला असता तरी एवढं स्पष्ट झालं नसतं. शिंप्याची बायको म्हणून मला ते कळलं असं नाही, कुणालाही कळलं असतं. मी सरकारी वकिलाकडे बघितलं. तो फोनमध्ये बघत होता. टायपिस्ट नखं बघत होती. शिपाई दाराकडे बघत होता, जेवायच्या सुट्टीची वेळ झाली होती. न्यायाधीश समोरच्या कागदांची पानं जुळवत होते. आमचा स्वतःचा वकील डोळे मिटून बसला होता.

कुणी बघितलंच नव्हतं. फक्त बाईंनी बघितलं. त्या ह्यांच्या हातांकडे बघत होत्या आणि त्यांच्या ओठांवर हसू आलं होतं. आमच्या दुकानात बसून आमचं भांडण बघताना हसल्या होत्या, तसंच.

न्यायाधीशांनी पानं जुळवली आणि त्यातूनच निकाल वाचायला घेतला. आतल्या खोलीत गेले नाहीत, पाणी प्यायले नाहीत. निकाल टाईप होऊन, शिवून तयार होता. कापड हातांत देण्याआधीच तयार होता. आरोपीनं सांगितलेलं आणि न सांगितलेलं कशाचंच त्यात काही नव्हतं. एकंदर परिस्थितीवरून दोष सिद्ध होतो. बाईंना नऊ वर्षं. ह्यांना सात, आणि त्यानंतर देशाबाहेर. आणि अगदी शेवटच्या ओळीत मी होते. आरोपीची पत्नी परकी असून आता तिला इथं राहण्याचं कारण उरलेलं नाही, तिचं ओळखपत्र रद्द करण्यात येत आहे, तिनं तातडीनं देश सोडावा.

मी देवाकडे मागितलं होतं ते मिळालं. अर्धं मिळालं.

बाहेर आल्यावर वकील म्हणाला, अपील करू. मी त्याला म्हटलं, तुमच्या कोपरांना आतून ठिगळ लावून घ्या, नाहीतर हिवाळ्याच्या आत फाटतील. तो बघतच राहिला. मला राग आला होता, पण कुणावर काढावा असा माणूसच समोर नव्हता. ज्याच्यावर काढायची सवय होती तो गाडीत बसून गेला होता.

जाण्याआधी एक भेट दिली. तोच बाक, तीच काच, पहारेकरी मात्र नवा, जांभया देणारा. ह्यांची मान कॉलरमध्ये सैल सैल दिसत होती. मी विचारलं, की तो दोरा का तोडला. हे म्हणाले, कसला दोरा? मी सांगितलं. ह्यांना काही आठवत नव्हतं. हातांकडे बघत बसले, जसे ते हात दुसऱ्याच कुणाचे होते.

मग म्हणाले, “निकाल आधीच लिहिलेला होता.”

“होय.”

“म्हणजे मी नाही म्हटलं ते वाया गेलं.”

मीच तर मागून घेतलं होतं ते.

“त्यांच्यासमोर म्हटलं,” हे म्हणाले. “त्यांनी माझं नाव घेतलं नाही, आणि मी त्यांच्यासमोर म्हटलं, माझं नाही. कृपया त्यांना कळवा, ते काम माझं आहे. काही तक्रार असली तर माझ्याकडे आणावी.”

पहारेकऱ्यानं हे सगळं ऐकलं. हा कबुलीजबाब होता, पण त्याला त्याचं काय करायचं? सात वर्षं देऊन झाली होती. त्यानं घड्याळ बघितलं आणि उठायची खूण केली. मी घाईघाईनं सांगितलं, की मला या आठवड्यात पाठवतायत, लेकीकडे जाईन, तिथून अर्ज करत राहीन. हे उभे राहिले. काहीतरी बोलायचं होतं ह्यांना, ओठ हलत होते. शोधून शोधून इथल्या भाषेत जे सापडलं ते म्हणाले.

“आपण आलात, आभारी आहोत. पुन्हा यावं.”

गिऱ्हाइकाला म्हणतात ते. मी दोन्ही हातांनी तोंड दाबून धरलं, नाहीतर आपल्या भाषेत काहीतरी निघालं असतं.

बाहेर बाईंची आई भिंतीपाशी बसली होती. तिची त्या दिवशीची भेट रद्द झाली होती, कारण सांगितलं नव्हतं. माझ्यासाठी थांबली होती. मी तिच्याशेजारी बसले. हातांत पिशवी होती ती पायांत ठेवली आणि सगळं एकदम बोलून टाकलं. की कागदपत्रांचं काही नव्हतं. ते कापड आमच्या दुकानात शिवलं. नावं ह्यांनी बसवली, कडा मी दुमडल्या. कोर्टात हे खोटं बोलले आणि ते माझ्यामुळे बोलले. तुमच्या मुलीला तेवढं सांगा. मी हळू बोलत नव्हते. शेजारच्या बायकांनी वळून बघितलं. बघू देत.

ती ऐकत होती. मग म्हणाली, “मला माहीत आहे.”

मला वाटलं तिला नीट समजलं नाही.

“मुलीनं कापड घरी आणलं त्याच दिवशी पलंगावर पसरून दाखवलं,” ती म्हणाली. “टाके बघून मीच विचारलं, कुणी केलं हे. तिनं तुमचं दुकान सांगितलं.”

“मग इतके महिने तुम्ही माझ्याबरोबर रांगेत...”

“तुम्ही म्हणालात कागदपत्रांचं काम आहे. मी म्हटलं, असू दे.” तिनं माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. “आत आपले दोघे होते. एक जरी सुटला असता तरी मला बरं वाटलं असतं. मी रोज त्याच्यासाठीही मागत होते.”

मला वर बघवेना. या बाईपासून लपवायला मी केवढी धडपड केली होती. आणि ती माझं खोटं माझ्याइतकंच सांभाळत होती, माझ्याकडे थर्मासचं झाकण पुढे करत.

थोड्या वेळानं ती म्हणाली, की कपड्यांची काळजी करू नका. खिडकीवर कोण आणतंय ते विचारत नाहीत, फक्त कैद्याचा नंबर विचारतात. मी नाहीतरी येणारच, दोघांचे आणीन. तिनं पर्समधून पेन काढलं आणि तळहात पुढे धरला, त्यावरच लिहून घ्यायला. ह्यांची मापं सांगा, म्हणाली.

शिंप्याच्या बायकोला विचारायची गोष्ट! मी धडाधड सांगायला लागले. खांदा, छाती, बाही, पँटची लांबी. सगळी मीच टेपनं घेऊन ठेवलेली, दर हिवाळ्याला एक शर्ट आम्ही ह्यांच्यासाठी शिवायचो. ती लिहीत होती. मग तिनं कॉलर विचारली.

मी तोंड उघडलं आणि थांबले. मला माहीत असलेलं माप आता ह्यांचं नव्हतं. इतके महिने मी ह्यांना काचेपलीकडून नुसतं बघत होते, एकदाही हात लावता आला नव्हता. कॉलर किती, ते मला माहीत नव्हतं. कंबर किती, तेही नाही. तिनं पेन धरून ठेवलं होतं आणि मी भर रस्त्यात, सगळ्या रांगेसमोर, आपल्या भाषेत ओक्साबोक्शी रडले.